गुत्तेदाराला विम्याचा कागद विचारा

(येरमाळा, जिल्हा धाराशिव येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत पीकविम्यावर बोलायचे आहे, पाण्यावर बोलायचे आहे, ऊसतोडणीच्या दरावर बोलायचे आहे. या मोठ्या प्रश्नांच्या रांगेत मी एक किरकोळ दिसणारा विषय उभा केला, याबद्दल काही साथींनी नाराजी व्यक्त केली. घर बांधायला काढण्यापूर्वी गुत्तेदाराने आपल्या माणसांचा विमा उतरवला आहे की नाही हे तपासावे, हा शहरातल्या फ्लॅटवाल्यांना द्यावयाचा सल्ला झाला. आपल्या पक्षाला त्याच्याशी काय कर्तव्य, असा त्यांचा आक्षेप आहे. हा आक्षेप मला मान्य नाही. पुण्यामुंबईच्या मोठ्या बांधकामावर निदान कायद्याची नजर पडू शकते. येरमाळ्यात, चोराखळीत किंवा कळंबच्या एखाद्या गल्लीत जे घर उभे राहते त्यावर कायद्याची, सरकारची, वर्तमानपत्रांची, आणि खरे बोलायचे तर आपलीही नजर नसते. तिथे कामावरच्या माणसाच्या जिवाची किंमत विचारणारा एकच माणूस असू शकतो आणि तो म्हणजे घरमालक.

आपल्याकडे घर कसे बांधले जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. सिमेंट, वाळू, सळई मालकाने आणायची आणि मजुरीचे काम चौरस फुटाच्या दराने गुत्त्यावर द्यायचे, ही सर्वसाधारण रीत. गुत्तेदार म्हणजे कोणी भांडवलदार नव्हे. काल जो दुसऱ्याच्या हाताखाली गवंडी होता तोच आज चार माणसे जमवून मिस्त्री होतो आणि परवा गुत्ता घेऊ लागतो. त्याच्याकडे थापी, ओळंबा, काही बल्ल्या, सेंट्रिंगच्या थोड्या प्लेटा आणि एक दुचाकी एवढीच मालमत्ता असते. दोन गवंडी, तीन बिगारी, त्यांत एखाददुसरी घमेली वाहणारी बाई, असा त्याचा संसार. परांची सुतळीने किंवा काथ्याने बांधायची, वरून जाणारी विजेची तार डोळ्यांनी हेरून वाकायचे आणि स्लॅबच्या दिवशी मिक्सर व लिफ्ट भाड्याने आणून वीसपंचवीस माणसांनी संध्याकाळपर्यंत काम उरकायचे. स्लॅब पडला की पेढे वाटले जातात. त्या दिवशी कोणी पडले नाही, हा निव्वळ योगायोग असतो.

नव्या बांधणीपेक्षाही धोक्याचे काम जुने पाडण्याचे. ज्या गल्ल्यांतून माळवदाची घरे उभी आहेत तिथे लाकडी तुळया-किलचणांवर कित्येक वर्षे थरावर थर टाकलेली पांढरी माती असते. खांब किडलेला, भिंत दगडमातीची. वरून माती उतरवताना कोणत्या क्षणी आढे खाली येईल हे सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींनी आणि अशा छपरांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गाडली. ती माती किती वजनाची असते हे या जिल्ह्याएवढे कोणाला ठाऊक असणार? तरीही तीच माती उतरवण्याचे काम आपण सर्वांत कमी मजुरीच्या माणसाला देतो.

भूकंपाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला. त्याआधी आपल्याकडे घर बांधताना पट्टा घातला का, सळई किती जाडीची, कोपऱ्यात भिंती कशा बांधल्या, हे सामान्य माणूस विचारत नसे. ते गवंड्याचे शास्त्र मानले जाई. पुनर्वसन आणि दुरुस्तीच्या त्या वर्षांत लोकांना हे प्रश्न विचारावे लागले, आणि ते विचारायला लागले. पुढे अक्षरशत्रू म्हातारीही रिंगा किती अंतरावर बांधल्या ते वाकून पाहू लागली. प्रश्न विचारण्याची सवय लावता येते. फक्त तेव्हा आपण भिंतीविषयी विचारायला शिकलो, भिंत बांधणाऱ्याविषयी विचारायचे राहिले.

आता अपघात झाल्यावर काय होते ते पाहू. मोठ्या दुर्घटना आपल्याला ठाऊक असतात. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर यंत्रसामग्री व गर्डर कोसळून २० जणांचा बळी गेला. मंत्री धावले, मदत जाहीर झाली, चौकशा बसल्या. परंतु एखाद्या गावात एकच गवंडी परांचीवरून पडतो तेव्हा चार ओळींची बातमी येते, न येते. पंचनामा होतो. मग चार प्रतिष्ठित माणसे मध्यस्थीला बसतात. मालक म्हणतो, मी गुत्ता दिला होता, माझा काय संबंध. गुत्तेदार म्हणतो, माझ्याकडे आहे काय, विकायला दुचाकी तेवढी आहे. शेवटी पन्नास हजारांवर किंवा लाखावर प्रकरण ‘मिटते’, मुद्रांकावर अंगठा उठतो आणि ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते. या मध्यस्थांत कधीकधी आपलेही कार्यकर्ते असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. विधवेच्या हातात तेराव्याच्या आत काही पडावे एवढाच असतो. परंतु ते काय लिहून घेत आहेत हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, इंग्रजी हद्दीतले कायदे इथे आपोआप चालत नसत. पण स्वातंत्र्यानंतर हा हक्क आपलाही झाला. त्या कायद्याने एक गोष्ट पक्की केली. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक असतो आणि मृत्यूची भरपाई नियोक्त्याने वारसाच्या हातात देऊन चालत नाही, ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे भरावी लागते. विधवेची आणि अज्ञान मुलांची फसवणूक होऊ नये म्हणून ही तरतूद. याचा अर्थ, मुद्रांकावरची ती मिटवामिटवी कायद्याच्या दृष्टीने भरपाईच नव्हे. दोन वर्षांच्या आत मागणी दाखल केली तर ती ऐकून घ्यावी लागते.

आणि भरपाई किती? मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. जानेवारी २०२० मध्ये हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. तीस वर्षांच्या माणसासाठी गुणक २०७.९८ आहे. साडेसात हजारांना त्याने गुणा: १५,५९,८५० रुपये. तोच माणूस जिवंत राहिला पण कमरेखाली कायमचा लुळा झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरायचे, म्हणजे १८,७१,८२० रुपये. पन्नास हजारांची मिटवामिटवी आणि साडेपंधरा लाखांचा हक्क यांतले अंतर एकदा नीट पाहून घ्या. हे अंतर कोणाच्या दुष्टपणामुळे पडत नाही. गुत्तेदाराकडे साडेपंधरा लाख नाहीत, एवढे साधे कारण आहे. कायद्याने हुकूम दिला तरी वसुली कशातून करणार? त्याच्या थाप्या आणि बल्ल्या विकून?

विम्याचा प्रश्न नेमका इथे येतो. या कायद्याखालील जबाबदारी विमा कंपनीकडून उतरवून घेता येते. तिला कामगार भरपाईची पॉलिसी म्हणतात. गुत्तेदार आपल्या माणसांची संख्या, कामाचा प्रकार आणि वर्षाचे किंवा त्या कामापुरते वेतन सांगतो आणि त्यावर हप्ता आकारला जातो. हप्ता घराच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. पण अपघात झाला तर हुकुमाची रक्कम देण्याची ऐपत असलेली एक संस्था विधवेसमोर उभी राहते, आणि गुत्तेदारही देशोधडीला लागत नाही. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि शंभरावर खाजगी कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या आल्या. विमा कारखानदारांच्या गोदामांपुरता न राहता सामान्यांच्या दारापर्यंत जावा, अशी तेव्हा आपली अपेक्षा होती. ती फारशी पुरी झाली नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तर या कंपन्यांत सरकारचा निम्म्याहून अधिक वाटा असलाच पाहिजे ही अटही काढून टाकली. परंतु पॉलिसी आजही मिळते. मागणारा नाही म्हणून ती गवंड्याच्या परांचीपर्यंत येत नाही.

यावर कोणी म्हणेल, बांधकाम कामगारांसाठी सरकारचे कल्याणकारी मंडळ आहे, ते पाहून घेईल. मंडळ आहे आणि ते मिळवण्यासाठी झगडावे लागले हे आपण विसरू नये. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पुढाकाराने देशभर मोहीम झाली, तेव्हा १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आला. महाराष्ट्रात नियम २००७ साली झाले आणि मंडळ उभे राहायला २०११ उजाडले. मंडळाच्या योजनेत कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख रुपये आहेत. पण त्यासाठी नोंदणी हवी, ती दरवर्षी जिवंत ठेवलेली हवी, आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. पाच गुत्तेदारांकडे आळीपाळीने राबणाऱ्याला हा दाखला कोण देतो? दलाल देतात, पैसे घेऊन. त्यामुळे ज्यांनी कधी घमेले उचलले नाही त्यांच्याही घरी मंडळाच्या भांड्यांचा संच पोहोचतो. उपकराच्या पैशातून काही राज्यांत लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे घेतली गेल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते, आणि १९ मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने या साऱ्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. भांडी वाईट नाहीत. पण ज्या घरातला कर्ता पुरुष स्लॅबवरून पडला त्या घरात तो संच फळीवर चकाकत असतो, आणि नोंदणीचे नूतनीकरण मात्र राहून गेलेले असते.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे आणि तीच मला आज मुख्यतः सांगायची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. १९२३ चा भरपाई कायदा आणि १९९६ चा उपकराचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. या संहितेत एक चांगली गोष्ट आहे, ती मान्य करू: घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध असल्यास, भरपाईस पात्र ठरतो. सोलापूर-धुळे महामार्गावरून दुचाकीवर तिघे बसून कामाला जाणारे गवंडी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे महत्त्व कळेल. पण याच संहितेत ‘बांधकाम’ या शब्दाची व्याख्या वाचा. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम वगळलेले होते. नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाख झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेले कामही वगळले. येरमाळ्यात पन्नास लाखांची घरे किती आहेत ते तुम्हीच मोजा. म्हणजे आपल्या तालुक्यातले जवळजवळ प्रत्येक राहते घर कल्याण आणि उपकराच्या दृष्टीने ‘बांधकाम’ नव्हेच! सरकार स्वतः अनुदान देऊन जे घरकुल उभे करवते, त्याच्या भिंती बांधणारा माणूस सरकारच्याच व्याख्येत बसत नाही. घरमालकावर उपकराचा बोजा नको म्हणून ही सवलत, असे समर्थन केले जाते. लहान घरमालकावर बोजा नको हे मलाही पटते. पण मग तो बोजा सरकारने उचलायचा होता. तो उचलला गवंड्याच्या बायकोने.

भरपाईचा हक्क मात्र वगळलेला नाही, आणि तो नियोक्त्याविरुद्ध आहे. नियोक्ता कोण? जो कंत्राटदार नेमतो त्याच्यावर मुख्य मालक म्हणून जबाबदारी टाकण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती आपल्या धंद्याच्या कामासाठी कंत्राट देणाऱ्यापुरती. राहते घर बांधणे हा मालकाचा धंदा नव्हे. म्हणून गुत्ता दिला असेल तर जबाबदारी गुत्तेदारावर येऊन थांबते. गुत्ता न देता मालकाने रोजाने माणसे लावली असतील तर नियोक्ता तो स्वतःच ठरू शकतो. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडल्याचा फौजदारी गुन्हा वेगळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि विम्याचा कागद त्यातून कोणाची सुटका करत नाही. विमा आहे म्हणून परांची कशीही बांधावी, असे कोणी समजू नये.

शेतकऱ्याला अपघातात दोन लाखांचे सानुग्रह अनुदान देण्याची राज्याची योजना आहे, तिचा उपयोग ज्या गवंड्याच्या घरी सातबारा आहे त्याला होऊ शकतो. पण परांचीवर चढणारा बहुधा भूमिहीनच असतो. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा सुरक्षा विमा बँकेच्या खात्यातून मिळतो. तो प्रत्येक मजुराने घ्यावा, यासाठी आपण शिबिरे घेऊ. पण ती मजुराने स्वतःच्या खिशातून केलेली तरतूद झाली. दुसऱ्याचे घर बांधताना जीव गेला तर त्याची जबाबदारी वीस रुपयांत त्याच्याच अंगावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठा भिडेचा. गुत्तेदार भावकीतला असतो, निदान गावचा असतो. त्याच्या बापाने आपल्या बापाचे घर बांधलेले असते. त्याला ‘कागद दाखव’ म्हणणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटते. याच भिडेपोटी आपण उसनवारीची चिठ्ठी करत नाही, जमिनीची मोजणी करत नाही, आणि पुढे वीस वर्षे कोर्टात बसतो. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो हात चुन्याचे खडे वेचतात. बांधकामाच्या चुन्याला ज्या गावाने एवढा मान दिला, त्या गावाला चुना कालवणाऱ्याच्या जिवाची चौकशी करणे अवघड वाटू नये. विचारण्याची रीत मात्र सांभाळावी. ‘आण्णा, तुझ्या माणसांसाठी म्हणून विचारतो’ असे म्हटले तर कोणाला राग येत नाही, उलट त्यालाही हप्त्याचा विषय काढायला तोंड मिळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विमा सक्तीचा केला तर लहान गुत्तेदार बाद होतील आणि काम शहरातल्या मोठ्या कंत्राटदारांकडे जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणून माझे म्हणणे असे की हप्ता मालकाने दरात धरावा, गुत्तेदाराच्या नफ्यातून कापू नये. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब करतो तसा हप्त्याचाही करावा. आणि पाचसहा मिस्त्र्यांनी मिळून मजूर सहकारी संस्था काढावी, म्हणजे संस्थेच्या नावाने एक पॉलिसी घेता येईल. मजूर संस्था म्हटल्यावर तुम्ही हसलात, ते साहजिक आहे. मोटारीतून हिंडणारे ‘मजूर’ अध्यक्ष आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण १९६९ च्या माथाडी कायद्याने याच महाराष्ट्रात दाखवून दिले की मालक रोज बदलत असला तरी हमालाचा हक्क कामाला चिकटवता येतो. पाठीवरच्या पोत्याबरोबर लेव्ही जाते, मग पोते कोणाचेही असो. गवंड्याच्या बाबतीत तसेच व्हायला हवे.

कागद पाहायचा म्हणजे काय पाहायचे, हेही सांगतो, कारण नुसते ‘विमा आहे’ या शब्दावर पुष्कळ लोक समाधान मानतात. ट्रॅक्टरचा किंवा मिक्सरच्या गाडीचा विमा दाखवला जातो. तो माणसांचा नव्हे. गुत्तेदाराचा स्वतःचा आयुर्विमा दाखवला जातो. तोही उपयोगाचा नाही. पॉलिसी भरपाई कायद्याखालची हवी. तिची मुदत स्लॅब पडेपर्यंतच नव्हे, गिलावा आणि रंग संपेपर्यंत हवी. उंचीवरचे काम तिथेही असते. माणसांची संख्या खरी हवी. चार लिहून नऊ लावलेले असतील, किंवा हप्ता वाचवण्यासाठी वेतन निम्मे लिहिले असेल, तर भांडण तिथूनच सुरू होते. स्लॅबच्या दिवशीच्या जादा माणसांची सोय काय ते आधी विचारावे. पाडकाम असेल तर ते स्पष्ट लिहिलेले असावे. औषधोपचाराचा खर्च धरलेला आहे का ते पाहावे. आणि पॉलिसीवरचा क्रमांक घेऊन कंपनीच्या शाखेत फोन करून तो चालू आहे याची खात्री करावी, कारण पहिला हप्ता भरून छायाप्रत जपून ठेवणारे महाभाग सर्वत्र असतात. रोजाने माणसे लावणाऱ्या मालकाने हीच पॉलिसी स्वतःच्या नावाने त्या कामापुरती घ्यावी.

आपण सर्वांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. ज्या घरात आपला कार्यकर्ता आहे त्या घराचे बांधकाम, दुरुस्ती, माळवद उतरवणे, यांतले काहीही विम्याशिवाय होऊ नये. आणि १ मेच्या ग्रामसभेत ठराव यावा: ग्रामपंचायतीने बांधकामाची परवानगी देताना गुत्तेदाराचे नाव आणि पॉलिसीचा क्रमांक नोंदवून घ्यावा, घरकुलाच्या अनुदानात विम्याचा हप्ता सरकारने वेगळा द्यावा, पन्नास लाखांची वगळणूक रद्द करावी आणि लहान घरांचा उपकर राज्याने स्वतः मंडळाकडे भरावा. पहिली मागणी ग्रामपंचायतीच्या हातातली आहे, उरलेल्या तीन मुंबई-दिल्लीच्या. ठरावाचा मसुदा मी आणला आहे. गवंडी आणि बिगारी साथी मागे बसले आहेत, त्यांनी पुढे यावे. तो आधी त्यांना वाचून दाखवू, आणि त्यांच्या दुरुस्त्या घेऊनच तो सरपंचांकडे जाईल.